रेल्वेची हातबत्ती बनवताना: आधी काय, नंतर काय

बॅटरीवरची हातबत्ती बनवायला घेणारे बहुतेक जण सगळ्यात आधी मिळेल तो सर्वांत प्रखर एलईडी उचलतात. मग त्याला पुरेल अशी बॅटरी, मग ती मावेल असा डबा, आणि डब्यावर जिथे जागा उरेल तिथे स्विच. घरातल्या टॉर्चला हा क्रम चालून जातो. रुळांवर काम करणाऱ्याच्या हातात तीच वस्तू दिली की पंचाईत होते, कारण त्याची बत्ती मुख्यतः दुसऱ्याने बघायची असते. इंजिनातला लोको पायलट, यार्डाच्या टोकाला उभा असलेला शंटर (डबे हलवून-जोडून घेणारा), चार डब्यांपलीकडचा पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा), हे तिचे खरे गिऱ्हाईक. पायाखालची खडी दाखवणं हे तिचं दुसरं काम.

म्हणून इथे क्रम उलटा आहे: आधी संदेश, मग बिघाड, मग रंग, आणि बॅटरी त्यानंतर. सोल्डरिंग आणि साधं सर्किट जमतं असं गृहीत धरलं आहे.

इशारा: यातून तयार होतो तो नमुना. चालत्या मार्गावर सिग्नल म्हणून तो वापरायचा तर त्या रेल्वेची मंजुरी लागते. तोवर त्याची चाचणी रुळांपासून दूर, मोकळ्या मैदानात.

## तयारी: हातात काहीही घेण्याआधी

तीन गोष्टी जमवा.

पहिली, ज्या रेल्वेसाठी बत्ती आहे तिच्या नियमपुस्तकातला हातसिग्नलांचा भाग. कोणता रंग, स्थिर की हलवायचा, आडवा की उभा, हे सगळं उतरवून घ्या. अनेक नियमपुस्तकांत लाल दिवा हाताशी नसेल तर पांढरा दिवा अंगासमोर जोरजोरात आडवा हलवून 'थांबा' सांगायची मुभा असते. म्हणजे पांढऱ्या दिव्यालाही हेलकावे सोसायला हवेत आणि हलवताना तो सलग दिसायला हवा. ही एक ओळ वाचली नसेल तर पुढे सर्किट चुकतं, ते कसं ते पाचव्या टप्प्यात.

दुसरी, एका रात्रीचं निरीक्षण. परवानगी घेऊन, सुरक्षित जागेवरून. बत्ती किती वेळ चालू असते, कोणत्या हातात असते, दोन्ही हात लागले की कुठे ठेवली जाते? बहुतेकदा ती खडीवर किंवा थेट रुळाच्या माथ्यावर जाते. कधी डब्याच्या पायरीला अडकवतात, कधी काखेत धरतात.

तिसरी, ते खरोखर वापरतात ते हातमोजे, शक्यतो ओले आणि ग्रीस लागलेले. स्विच निवडताना तेच घालून बसायचं.

## टप्पा १: संदेशांची यादी

कागदाच्या डाव्या बाजूला संदेश, उजवीकडे तो कोण बघणार आणि किती अंतरावरून. साधारण चार ओळी होतात: लाल, हिरवा, पांढरा संकेतासाठी, पांढरा चालण्यासाठी. शेवटचे दोन वेगळे धरा. संकेताचा प्रकाश समोर लांब जायचा असतो, चालण्याचा खाली आणि भोवती पसरायचा. एकाच भिंगातून दोन्ही साधायला गेलात तर दोन्ही अर्धवट राहतात. समोर एक भिंग आणि तळाकडे दुधी झाकणाची एक पट्टी, हा सोपा तोडगा.

प्रखरतेबद्दल बराच गैरसमज आहे. समुद्रातल्या जहाजांच्या दिव्यांचे आंतरराष्ट्रीय नियम अंधारात दिवा दिसण्याचा उंबरठा ०.२ मायक्रोलक्स धरतात (लक्स हे डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचं माप, कॅन्डेला हे दिव्याच्या प्रखरतेचं). १ कॅन्डेलाचा दिवा १ किलोमीटरवर १ मायक्रोलक्स देतो, म्हणजे उंबरठ्याच्या पाचपट. यार्डात उंच खांबांवरचे दिवे असतात, धुकं असतं, आणि नुसता दिवा दिसून भागत नाही, रंगही ओळखू यावा लागतो, म्हणून गरज कित्येक पटींनी वाढते. तरीही १० कॅन्डेलाचा दिवा ३०० मीटरवर सुमारे ११० मायक्रोलक्स देतो. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट लागतो, एवढं लक्षात ठेवून आकडा काढा. जास्तीच्या प्रखरतेने समोरच्याचे डोळे दिपतात, आणि अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात.

## टप्पा २: बिघाडाचा तक्ता

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते खरी रचना इथेच होते. बत्तीचा प्रत्येक भाग घ्या आणि विचारा: हा मेला, अडकला किंवा शॉर्ट झाला तर समोरच्याला काय दिसेल? उत्तर 'लाल' किंवा 'काहीच नाही' असेल तर चालेल. उत्तर 'हिरवा' असेल तर तो भाग बदला, जोडणी बदला, काहीही करा, पण ते तसंच ठेवून पुढे जाऊ नका.

नमुन्यादाखल चार प्रश्न:

- बटण चिखलाने दाबलेलंच राहिलं तर?
- धक्क्याने बॅटरीचा संपर्क क्षणभर तुटला तर?
- स्विचमध्ये ओल शिरली तर?
- चार्ज संपत आला असताना लाल लावायची वेळ आली तर?

तक्ता भरून भिंतीवर लावा. पुढचा प्रत्येक निर्णय त्याच्याशी ताडून बघायचा आहे.

तपासा: तक्त्यात एकही 'हिरवा' सापडला नसेल तर तक्ता अपुरा आहे, पुन्हा बसा. पहिल्या फेरीत तो निघतोच.

## टप्पा ३: रंग

नेहमीची चूक म्हणजे पांढऱ्या एलईडीसमोर रंगीत काच फिरवणं. दिव्याच्या तारेचा किंवा ज्योतीचा प्रकाश पिवळसर असतो, त्यात लाल भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्या चिपवर फॉस्फर चढवून तयार होतो, त्यात गडद लाल कमी. लाल काचेतून तो मरगळलेला बाहेर येतो. हिरव्याची गंमत आणखी वेगळी: ज्योतीच्या काळातली हिरवी काच मुद्दाम निळसर केलेली असते, म्हणजे पिवळ्या ज्योतीपुढे ती हिरवी दिसते. तीच काच पांढऱ्या एलईडीपुढे धरली की दिवा निळा दिसतो.

प्रत्येक रंगाला स्वतंत्र एलईडी घ्या. लालसाठी ६२० ते ६३० नॅनोमीटर तरंगलांबीचा. हिरव्यासाठी पोपटीकडे झुकणारा नको, थोडा निळसर हिरवा, ५०५ नॅनोमीटरच्या आसपासचा. पिवळ्याशी त्याची गल्लत होत नाही. पुढचं भिंग रंगहीन ठेवा.

लाल एलईडी तापला की पांढऱ्या-हिरव्यापेक्षा त्याचा प्रकाश जास्त घसरतो. टेबलावर पाच सेकंद पेटवून समाधान मानू नका. अर्धा तास चालू ठेवून मग बघा.

## टप्पा ४: ऊर्जेचा हिशेब

आता बॅटरी. मी इथे लिथियम आयर्न फॉस्फेटचा ३२७०० आकाराचा एकच सेल धरतो: ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-तास, म्हणजे १९.२ वॉट-तास. बाकी लिथियम-आयनपेक्षा तो मार सोसणारा आहे आणि चार्जिंगची आवर्तनंही जास्त देतो.

चालण्याचा पांढरा दिवा: दोन एलईडी एकापुढे एक, मिळून ६ व्होल्ट, १७५ मिलीअँपिअर. हे झाले १.०५ वॉट. सर्किटची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सेलमधून १.२४ वॉट जातात. पाळी आठ तासांची, पण रेल्वेत माणूस वेळेवर सुटेलच असं नाही, म्हणून १० तास धरा: १२.४ वॉट-तास. सेल १९.२ चा आहे, म्हणजे भरपूर झालं, असं वाटतं ना?

जुना सेल नव्याच्या ८० टक्के देतो असं धरा. थंडीत आणखी ८० टक्के. दोन्ही मिळून ६४ टक्के. १२.४ भागिले ०.६४, झाले १९.४ वॉट-तास. सेल थोडक्यात कमी पडला, आणि अजून लाल-हिरवा मोजलेलाच नाही.

दुसरा सेल घालण्याआधी प्रवाह कमी करून बघा, वजन हाताला जाणवतं. १५० मिलीअँपिअरवर ०.९ वॉट, सेलमधून १.०६, दहा तासांचे १०.६, भागिले ०.६४ म्हणजे १६.५. उरले २.७ वॉट-तास. पुढच्या टप्प्यातला लाल सगळा मिळून सुमारे ०.६५ वॉट खातो. तो सलग दोन तास पेटवायचा तर त्याच हिशेबाने २ वॉट-तास लागतात. उरलेल्यात हिरव्याचं भागतं. डोळ्यांना १७५ आणि १५० मधला फरक जवळपास कळतच नाही.

इशारा: या सेलचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग कड्यावरून पडल्यासारखा घसरतो. व्होल्टेज मोजून चार पट्ट्यांचा 'चार्ज किती' दाखवणारा निर्देशक इथे खोटं बोलतो. खर्च झालेला चार्ज मोजणारी चिप लावा. लालसाठीचा राखीव साठा सोडून बाकी संपलं की पांढरा आपोआप मंद व्हायला हवा, आणि तेव्हा लाल पूर्ण ताकदीने मिळायला हवा.

कोरड्या सेलवर बत्ती बनवणार असाल तर एक वेगळी काळजी. असे सेल हायड्रोजन सोडू शकतात. डबा पूर्ण बंद केला तर तो आत साठतो, म्हणून वायू सुटायला वाट ठेवावीच लागते.

## टप्पा ५: सर्किट

३.२ व्होल्टच्या सेलवर दोन एलईडींची माळ चालवायची तर व्होल्टेज वाढवणारं, स्थिर प्रवाह देणारं सर्किट लागतं. लालचे दोन एलईडीही माळेतच घ्या, मिळून ४.२ व्होल्ट होतात. एकटा लाल २.१ व्होल्टचा. व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटला त्याला आवर घालता येत नाही, सेलचा प्रवाह थेट त्यातून वाहतो. या माळेला १०० मिलीअँपिअर पुरतात.

त्याशिवाय एक सुटा लाल ठेवा, कुठल्याही चिपवर न विसंबणारा. सेल, फ्यूज, स्विच, २२ ओहमचा रेझिस्टर, एलईडी. बस. ३.२ व्होल्टला त्यातून ५० मिलीअँपिअर जातात, सेल २.८ वर आला तरी ३२ जातात. स्विच 'लाल'वर असला की माळ आणि सुटा, दोन्ही पेटतात. चिप मेली तरी सुटा पेटलेला राहतो. सगळ्या बत्तीत मला सर्वांत भरवशाचा वाटणारा भाग हाच, आणि तो बनवायला दहा मिनिटं लागतात.

मंद करायला एलईडी झपाट्याने चालू-बंद करण्याची युक्ती सर्रास वापरतात. सेकंदाला २०० वेळा केलं तर टेबलावर काही जाणवत नाही. माझा पहिला नमुना मी अंधारात हातभर फिरवला आणि हवेत दिव्याची रेघ उमटायच्या ऐवजी मण्यांची माळ उमटली. हिशेब सोपा आहे: हात सेकंदाला ३ मीटर फिरतो, २०० ने भागा, दर १५ मिलिमीटरला एक ठिपका. हलवून सांगायच्या सिग्नलला हे चालणार नाही. प्रवाहच कमी करून मंद करा.

धक्क्याची गोष्ट आता. स्प्रिंगच्या संपर्कावर बसलेला सेल आपटल्यावर काही मिलिसेकंद सुटतो. मायक्रोकंट्रोलर तेवढ्यात रीसेट होतो आणि सुरुवातीच्या रंगावर परततो. म्हणजे लाल दाखवत असताना बत्ती पडली आणि पांढरी होऊन उठली! सेलच्या टोकांना पट्ट्या स्पॉट-वेल्ड करा, स्प्रिंग नकोच. कंट्रोलर ठेवायचाच असेल तर त्याला डायोडमागे ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या. ५ मिलीअँपिअर खाणाऱ्या चिपला तो १ व्होल्ट घसरेपर्यंत सुमारे ९४ मिलिसेकंद सांभाळतो. रंग निवडायचं काम मात्र सॉफ्टवेअरकडे देऊ नका, ते तांब्याच्या संपर्कांनीच करा.

तपासा: सेल २.८ व्होल्टपर्यंत उतरवून लाल लावा. मग एलईडीला प्रवाह देणारी चिप सर्किटमधून काढून पुन्हा लाल लावा. यांतल्या एका वेळीही प्रकाश चुकला तर सहाव्या टप्प्याला हात लावू नका.

## टप्पा ६: स्विच

एकच बटण, दाबत गेलं की पांढरा, हिरवा, लाल, बंद: टॉर्चमधून उचललेली ही पद्धत इथे सरळ धोक्याची आहे. लालवर जाताना वाटेत हिरवा चमकतो.

गोल फिरणारा नॉब घ्या, बोटभर मोठा, खाचांचा. क्रम असा: हिरवा, बंद, पांढरा, लाल. लाल उजव्या टोकाला, पुढे नॉब फिरतच नाही. घाबरलेल्या माणसाला विचार करायला लावायचा नाही. उजवीकडे अडेल तोवर पिळलं की लाल. पांढऱ्यावरून लालवर जाताना हिरवा लागत नाही.

हिरव्यासाठी नॉब डाव्या टोकाला असणं पुरेसं नाही. मुठीखाली सायकलच्या ब्रेकसारखी एक छोटी पट्टी द्या. नॉब हिरव्यावर आणि पट्टी दाबलेली, असं दोन्ही असेल तेव्हाच हिरवा पेटेल. बत्ती हातातून सुटली की हिरवा विझतो. पट्टी चिखलाने अडकली तरी नॉब दुसरीकडे असेल तर काही होत नाही. लांब गाडीला हिरवा दाखवत उभं राहायचं तर बोटं दुखतील अशी तक्रार येईल. स्प्रिंग मऊ घ्या, पण पट्टी काढू नका.

ओलीचा प्रश्न तक्त्यात होता. हिरवा एलईडी काही मायक्रोअँपिअरवरही अंधारात दिसेल इतका मिणमिणतो. स्विचच्या संपर्कांमध्ये ओली घाण साचली की तेवढा प्रवाह सहज गळतो. उपाय एका रेझिस्टरचा: हिरव्या माळेला समांतर १ किलोओहम. गळती १ मिलीअँपिअर झाली तरी माळेवर १ व्होल्टच पडतो आणि ती पेटत नाही. हिरवा खरोखर चालू असताना हा रेझिस्टर ६ मिलीअँपिअर खातो, खाऊ दे.

नॉबशेजारी पाठीमागच्या बाजूला प्रकाश झिरपेल अशी डाळीएवढी खिडकी ठेवा. पुढे काय दिसतंय ते धरणाऱ्यालाही दिसलं पाहिजे, आणि ते त्याच एलईडीच्या प्रकाशातून. वेगळा निर्देशक दिवा लावला तर तो स्विच कुठे आहे तेवढंच सांगतो.

तपासा: ओले हातमोजे, बंद डोळे, दहा वेळा. प्रत्येक वेळी एका सेकंदात लाल लागला पाहिजे.

## टप्पा ७: डबा, कडी, पाणी

डबा प्लॅस्टिकचा, तळ रबराचा. कामगार बत्ती रुळावर ठेवतात हे पाहिलंच असेल. ट्रॅक सर्किटसाठी (रुळांतल्या विजेवरून गाडी कुठे आहे ते ओळखणारी यंत्रणा) रुळांत वीज अडवणारे इन्सुलेटेड जोड असतात, त्यांची फट जेमतेम काही मिलिमीटरची. धातूचा तळ त्यावर टेकला तर तो दोन बाजू जोडू शकतो. तळाला चुंबक लावायचा मोह होतो. ब्रेकच्या भुकटीत लोखंड असतं, आठवडाभरात चुंबकाला दाढी फुटते आणि बत्ती कुठेच सपाट बसत नाही.

कडी सैल लोंबती नको. हात आडवा हलला की सैल कडीतली बत्ती मागे राहते, मग झोका घेऊन मनगटावर आपटते, आणि समोरच्याला वेडीवाकडी रेघ दिसते. बिजागरीत घर्षण ठेवा, म्हणजे लावाल त्या कोनात कडी थांबेल. वजन ६०० ग्रॅमच्या आसपास राखलं तर पाळीच्या शेवटीही हात वर जातो.

पाण्याबाबत 'गॅस्केट घातलं, झालं' असं होत नाही. दिवा ४५ अंशांना तापलेला आहे आणि पावसाने १५ अंशांवर आला, तर बंद डब्यातला दाब नऊ टक्क्यांहून जास्त घटतो. तो जवळपास १ मीटर पाण्याच्या दाबाइतका होतो. आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाची प्रमाणित पातळी) च्या चाचणीतही तेवढीच खोली असते, १ मीटर, ३० मिनिटं. म्हणजे प्रत्येक सर डब्याला पाणी आत ओढायला लावते. हवा सोडणारी पण पाणी अडवणारी पडद्याची झडप बसवा. आणि आयपी ६७ म्हणजे पाण्याचा जोरदार फवाराही सोसेल असं नाही, ती चाचणी वेगळी असते.

चार्जिंगला मोबाइलसारखं तोंड ठेवू नका, त्यात भुकटी भरते. बाहेर दोन चपटे संपर्क आणि आत डायोड, म्हणजे ओल्या खडीवर ठेवल्यावर सेल शॉर्ट होणार नाही. शून्य अंशाखाली चार्जिंग बंद ठेवणारं सर्किट हवंच. थंडगार लिथियम सेलमध्ये चार्जिंग करताना धातू साचतो आणि सेल बिघडतो.

डब्याचा रंग? पिवळा. खडीत पडला तरी सापडतो.

## टप्पा ८: चाचण्या, याच क्रमाने

१. उष्णता. बंद खोलीत तीन तास सगळ्यात प्रखर मोडवर, मग लगेच थंड पाण्याच्या बादलीत. उघडून आत टिश्यू पेपर फिरवा. ओलसर लागला तर पुन्हा सातवा टप्पा.

२. आपटणं. २ मीटरवरून खडीवर, सहाही बाजूंनी, लाल चालू असताना. रंग क्षणभरही बदलायला नको. डोळ्यांवर विसंबू नका, मोबाइलवर संथ गतीचं चित्रण करा.

३. पाण्याची चाचणी पुन्हा. आपटण्याआधी पास झालेला डबा नंतरही पास होतो असं नाही, आणि बहुतेकांची चूक हीच की ते पाण्याची चाचणी एकदाच आणि आधी करतात.

४. पूर्ण पाळी. रात्रभर चालू, दर तासाला पाच मिनिटं लाल. शेवटच्या तासात लाल पहिल्या तासाइतका आहे का ते दोन छायाचित्रं शेजारी ठेवून बघा. कॅमेऱ्याची सेटिंग दोन्ही वेळा हाताने सारखीच ठेवा.

५. अंतर. एकाला मोकळ्या मैदानात ३०० मीटरवर कागद-पेन देऊन उभं करा. तुम्ही वीस संकेत द्या, काही स्थिर, काही हलवून, क्रम त्याला आधी सांगू नका. तो जे दिसलं ते लिहील, तुम्ही जे दाखवलं ते लिहा. मग भेटून दोन्ही कागद जुळवा. एकही ओळ वेगळी निघाली तर प्रकाश वाढवायला धावू नका. आधी त्याला विचारा, रंग चुकला की हालचाल: रंग चुकला असेल तर तिसरा टप्पा, हालचाल चुकली असेल तर कडीची बिजागरी घट्ट करा आणि तेच वीस संकेत वेगळ्या क्रमाने पुन्हा द्या.